अण्णाची बाजू

थंडी सुरू झाली की आमच्या बंगळूरच्या चामराजपेटेतल्या घरात कुणालाही रिकाम्या हातानं बसायची सोय नसे. अवरेकायीचा हंगाम. पुण्यामुंबईकडचे लोक त्याला पावटा म्हणतात आणि आम्ही त्याचं काय करतो ते सांगितलं की 'एवढा उपद्व्याप कशाला?' असं विचारतात. दाणे पाण्यात भिजत घालायचे, चांगले फुगले की एकेक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबायचा. साल हातात राहते आणि आतली हिरवी डाळ टुणकन पातेल्यात पडते. पातेलंभर डाळ व्हायला सगळं घर लागे. आई मधोमध, तिच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला माझा थोरला भाऊ अण्णा. पुढच्या खोलीत अप्पांचं शिलाईमशीन चालू असे. शाळांचे गणवेश आणि लग्नातल्या बँडवाल्यांचे कोट हे त्यांचं मुख्य काम. मशीन थांबलं की समजायचं, गिऱ्हाईक आलं. मग 'स्वल्प लूज ठेवा' वगैरे ऐकू येई, आणि पुन्हा मशीन सुरू. दुपारी त्या डाळीची हुळी, म्हणजे आंबटसर आमटी, आणि भात. असली हुळी मी पुन्हा खाल्ली नाही, असं म्हणणार होते, पण ते खोटं होईल. दरवर्षी करते आणि चांगली होते. फक्त सोलायला आता मी एकटीच असते.

आमची मराठी ऐकून इकडच्या नव्या मराठी मुली हसतात. हेब्बाळला माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये पुण्याहून आलेली एक मुलगी राहते, कंप्युटर कंपनीत आहे. ती म्हणते, "आजी, तुमचं मराठी किती क्यूट आहे." मला राग येतो, पण मुलगी गुणाची आहे, माझं दूध संपलं तर न सांगता आणून देते, म्हणून मी गप्प बसते. आमचे पूर्वज इकडे कधी आले हे कुणालाच धड माहीत नव्हतं. घरात मराठी, तीही निम्मी कानडी झालेली, दाराबाहेर कानडी, आणि विद्यापीठाच्या पायऱ्या चढल्या की इंग्रजी. या तिन्ही भाषांत सारख्या सहजपणे वावरणारा आमच्या घरात एकच माणूस होता, तो म्हणजे अण्णा. तो बोलायला लागला की गिऱ्हाईकं कपडे घेऊनही जायची नाहीत, दारात उभी राहायची. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात ते याच्यासाठीच, असं अप्पा म्हणत. म्हणताना त्यांच्या तोंडात टाचण्या असत, तरी त्यातून कौतुक कळे.

अण्णा राज्यशास्त्रात एम.ए. करत होता, शेवटच्या वर्षाला. मी त्याच्या मागोमाग त्याच विभागात दाखल झाले होते, कारण तो जाईल तिकडे जायचं हे मी लहानपणापासून ठरवलेलं होतं. विभागाचे प्रमुख होते इनामदार सर. सीमेकडच्या मराठी घरातले, पण वर्गात अस्खलित इंग्रजी आणि सभेत अशी कानडी, की समोरचे लोक टाळ्या वाजवायचंही विसरावेत. आम्हा दोघांशी मात्र ते एकटं गाठून मराठीत बोलत, हळू आवाजात. त्याचा आमच्यावर काय परिणाम होई हे आज सांगणं कठीण आहे. सरांनी इंग्रजीत झाडलं तर वाईट वाटे, तेवढंच. पण कॉरिडॉरमधून जाताना 'काय रे, जेवलास का?' म्हणून गेले, की अण्णा त्यांच्यासाठी डोंगर उचलायला तयार. परक्या भाषेच्या त्या मोठ्या इमारतीत आईच्या भाषेत विचारणारा एकच माणूस, आणि तोच सर्वांत मोठ्या खुर्चीवर. आम्हाला ते भाग्य वाटायचं.

दर गुरुवारी दुपारी सर विभागाच्या मागच्या हॉलमध्ये बैठक घेत. निवडक मुलांची. एकानं उभं राहून कुठल्याही विषयाची एक बाजू मांडायची. तो रंगात आला, बाकीचे पटून माना डोलवायला लागले, की सर बोटातली अंगठी टेबलावर एकदा आपटत. टक्. त्या क्षणी बोलणाऱ्यानं बाजू फिरवायची. थांबायचं नाही, श्वास घ्यायला सवड मागायची नाही, आतापर्यंत जे सिद्ध केलं तेच खोडायला लागायचं. जो अडखळला तो खाली बसला. सर म्हणत, ज्याला दोन्हीकडून बोलता येत नाही त्याचं मत हे मत नव्हे, तो नुसता हट्ट. आम्हाला ते फार पटलेलं होतं. मी नेहमी अडखळत असे. अण्णा कधीच अडखळला नाही. त्याचा आवाजसुद्धा बदलत नसे, आणि फिरलेली बाजू पहिल्या बाजूपेक्षा खरी वाटायची. सर डोळे मिटून ऐकत आणि शेवटी फक्त मान हलवत. ती मान हललेली बघण्यासाठी अण्णा आठवडाभर तयारी करी.

घरी अवरेकायी सोलतानाही त्याचा सराव चाले. टक् करायचं काम माझ्याकडे, पातेल्यावर चमचा मारून. मुलींना शिकवावं की नाही, देव आहे की नाही, शहरात कारखाने यावेत की नाही, सगळं सगळं फिरवून झालं. एकदा त्यानं म्हाताऱ्या आईबापांना सांभाळावं ही बाजू घेतली. आई ऐकता ऐकता डोळे पुसायला लागली, आणि मी मूर्खपणानं चमचा वाजवला. अण्णा फिरला. आई सोलायची थांबली. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरात हे नको रे बाबा. एका तोंडानं एकच बोलावं माणसानं." अण्णा हसला, तिच्या गळ्यात पडला, म्हणाला हा नुसता खेळ आहे गं आई. आईला ते पटलं नाही, पण त्यानंतर आम्ही गच्चीवर जाऊन खेळायला लागलो.

आमच्या घरी दर रविवारी जेवायला येणारा बसवराज अण्णाच्याच वर्गात होता. बिदरकडच्या खेड्यातला. त्याला मराठी समजायची, बोलताना मात्र कानडीत बोले. हॉस्टेलच्या जेवणाला कंटाळलेला, त्यामुळे आईचा लाडका. त्याच्या तालुक्याच्या गावी नवीन कॉलेज निघालं होतं, तिथली शिकवायची नोकरी त्याच्यासाठी ठेवली होती. फक्त निकाल हातात यायचा अवकाश. शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागे. तो इंग्रजीत किंवा कानडीत लिहिता येईल असं विभागानंच सांगितलं होतं, म्हणून बसवराजनं आणि त्याच्यासारख्या खेड्यांतून आलेल्या काही मुलांनी कानडीत लिहिला. बसवराजचा प्रबंध पाण्याच्या भांडणांवर होता, गावोगाव हिंडून लिहिलेला. परीक्षा तोंडावर आली आणि विभागानं अचानक सांगितलं, कानडीतले प्रबंध तपासले जाणार नाहीत, ते इंग्रजीत करून आणा, नाहीतर वर्ष जाईल. एवढ्या थोड्या दिवसांत ते होणं शक्यच नव्हतं. वर्ष जाणं म्हणजे बसवराजची नोकरी जाणं, आणि घरून पुन्हा कुणी त्याला बंगळूरला पाठवणार नव्हतं.

मुलांनी आरडाओरडा केला, तेव्हा विभागानं सांगितलं की तुमच्यातल्या एकानं येऊन म्हणणं मांडा, तीन शिक्षक ऐकतील आणि तिथल्या तिथे निर्णय देतील. मुलांनी अण्णाला निवडलं. त्याचा स्वतःचा प्रबंध इंग्रजीत होता, त्याला मिळवायचं काही नव्हतं आणि त्याच्याइतकं बोलणारं कुणी नव्हतं. मराठी घरातला मुलगा कानडीसाठी भांडणार म्हणून कॅन्टीनमध्ये थोडी थट्टा झाली, पण प्रेमानं. आणि हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे लोकांनी भलतंच म्हटलं: अण्णाला ते मनापासून वाटत होतं. तो आठवडाभर नीट जेवला नाही. गच्चीवर बोलावलं नाही, चमचा वाजवायला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "पुट्टी, याला दुसरी बाजूच नाही." धाकटी म्हणून तो मला कानडीतलं पुट्टी म्हणायचा. सुनावणीच्या आदल्या दिवशी सरांनी त्याला खोलीत बोलावून घेतलं आणि मराठीत सांगितलं, की बिनधास्त बोल, समोर मीच आहे. अण्णा शीळ घालत घरी आला.

सुनावणी त्याच मागच्या हॉलमध्ये होती. त्याच टेबलामागे मध्ये इनामदार सर, दोन्ही बाजूंना आणखी दोन शिक्षक. आम्ही मुलं मागे भिंतीला टेकून उभी. बसवराज माझ्या शेजारी होता, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. अण्णा कानडीत बोलला. मी त्याला शेकडो वेळा ऐकलं होतं, पण त्या दिवशीचा आवाज वेगळा होता, किंचित कापणारा. हा मुलगा महिनोन् महिने विहिरीच्या काठावर बसून बायकांचं बोलणं टिपत होता, अण्णा म्हणाला, त्या बायका जे बोलल्या ते त्यांच्याच भाषेत लिहिलं म्हणून त्याचं वर्ष जाणार असेल, तर आपण इथे कुणाचं राज्यशास्त्र शिकतोय? डावीकडच्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. उजवीकडचे सर, जे कधी कुणाकडे बघत नसत, ते बसवराजकडे बघायला लागले. हॉलमध्ये माना हलायला लागल्या. आपण जिंकलो, असं मला वाटलं. बसवराजनं माझा हात घट्ट धरला. त्या काळी मुलगे मुलींचा हात धरत नसत, पण ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

इनामदार सर डोळे मिटून ऐकत होते. अण्णा रंगात आलेला. आणि टेबलावर अंगठी वाजली.

अण्णा फिरला. श्वाससुद्धा न घेता. पण याच मुद्द्याचा दुसऱ्या अंगानं विचार केला तर, असं म्हणून त्यानं बोलायला सुरुवात केली. बाहेरच्या परीक्षकांना कानडी येत नाही, मग ते गुण कसे देणार. ज्यांनी कष्टानं इंग्रजीत लिहिलं त्यांच्यावर अन्याय होणार नाही का. आज दया दाखवली तर उद्या या मुलांच्या पदवीला बाहेर कुणी विचारणार नाही, मग ती दया कसली. आवाजातलं कापणं गेलेलं होतं. एकेक मुद्दा नीट रचलेला, स्वच्छ, आणि ऐकणाऱ्याला पटणारा. बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बसवराजनं माझा हात कधी सोडला ते मला कळलं नाही. मग अण्णा मध्येच थांबला, गुरुवारी तो कधी थांबत नसे तसा. त्यानं आधी सरांच्या बोटाकडे पाहिलं आणि मग आमच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तो काहीतरी बोलायला गेला, पण सरांनी हात वर केला आणि इंग्रजीत म्हणाले, की दोन्ही बाजू इतक्या समतोलपणे याआधी कुणी मांडल्या नव्हत्या, आता आणखी काही ऐकायची गरज उरलेली नाही. निर्णय तिथल्या तिथे झाला. प्रबंध इंग्रजीतच हवेत.

बाहेर मुलांनी अण्णाला घेरलं. विकला गेला म्हणाले, जातीवर गेला म्हणाले, मराठी माणसाला कानडीचं काय असणार म्हणाले. गावी परत जायच्या आधी बसवराज रविवारी नेहमीसारखा जेवायला आला. आईनं हुळी केली होती, त्यानं दोनदा भात मागून घेतला. जाताना दारात चपला घालता घालता त्यानं अण्णाला मान वर न करता विचारलं, "दोन्हींतलं तुझं कुठलं होतं रे?" रागानं नाही, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून विचारलं. अण्णा तिथेच उभा राहिला आणि बसवराज कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिला. बसवराज पुन्हा आमच्याकडे आला नाही.

पुढे काही दिवसांनी इनामदार सर आमच्या घरी आले. एवढा मोठा माणूस शिंप्याच्या घरात, गल्लीतले लोक खिडक्यांतून बघायला लागले. सर अप्पांशी मराठीत बोलले. अहो, सवयीनं वाजलं, मी का मुद्दाम करीन, आणि खरं सांगू, झालं ते मुलांच्याच भल्याचं झालं. मग अण्णाला म्हणाले, परीक्षा झाली की माझ्याकडेच संशोधनाला ये, तुझ्यासारखा मुलगा पुन्हा मिळायचा नाही. इतक्या मायेनं म्हणाले की क्षणभर मलाही वाटलं, जावं त्यानं. आमच्या घरातून कुणी कॉफी घेतल्याशिवाय जात नसे, म्हणून आईनं त्यांनाही दिली, पण स्वतः आतच थांबली. अण्णा सगळं ऐकून "सरी, सर", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला. आणि मग तो विद्यापीठात कधी गेलाच नाही. स्वतःच्या परीक्षेलाही नाही. अप्पा त्याच्यापुढे रडले, ते मी पहिल्यांदा पाहिलं, तरी नाही.

सरांनी मुद्दाम केलं का? मी पुढे जन्मभर कॉलेजात शिकवलं, आणि हा प्रश्न माझ्याबरोबर वर्गावर्गात फिरला. माझा स्वभाव तापट, मला विचाराल तर मी म्हणेन, केलं, ठरवून केलं. पण स्वतः टेबलापलीकडे बसल्यावर एक गोष्ट कळली. मुलं आपल्याकडे बघून बोलायला लागतात, आपली भुवई वर गेली की वाक्य बदलतात, आणि आपल्याला ते आवडायला लागतं. एकदा ती सवय झाली की मुद्दाम काही करावंच लागत नाही. म्हणून मी सरांना माफ केलं असं मात्र नाही. ते वारले तेव्हा मोठी शोकसभा झाली, मला बोलवणं होतं, मी गेले नाही.

अण्णा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लागला, स्टोअरमध्ये. सुटे भाग घ्यायचे, द्यायचे, मांडून ठेवायचे. निवृत्त होईपर्यंत तिथेच. लग्न केलं नाही. दोन स्थळं चांगली होती, पण करावं का यावर तो इतकं सारखं दोन्हीकडून बोलायचा की समोरची माणसं कंटाळून उठून जायची. त्याच्याबद्दल लोक थट्टेत म्हणायचे, अण्णाला विचारून काही ठरवू नका, बस चुकेल. मीही म्हणायची. माझे यजमान गेल्यावर मी त्याला हेब्बाळला माझ्याकडे आणलं. शांत माणूस, सकाळी तळ्याकडे फिरायला जायचा, शेजारच्या पुण्याच्या मुलीशी त्याचं छान जमे. ती विचारायची, अण्णा, जॉब बदलू का? आणि तो तिला दोन्ही बाजू समजावून सांगायचा, जीव तोडून, एकाही बाजूला झुकतं माप न देता. ती म्हणे, किती बॅलन्स्ड आहेत हे. मी आत स्वयंपाकघरात निघून जायची.

गेल्या वर्षी त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर तरुण होता, आपल्याच बेळगावकडचा, मराठीत बोलणारा. त्यानं सरळ सांगितलं, या वयात ऑपरेशन केलं तर काही काळ हातात येईल, पण तो बराचसा हॉस्पिटलात जाईल, आणि टेबलावरच काही होण्याचाही धोका आहे. नाही केलं तर फार दिवस नाहीत. अण्णा उशीला टेकून बसला आणि बोलायला लागला. ऑपरेशन का करावं ते त्यानं सांगितलं, मग का करू नये ते सांगितलं. डॉक्टर थक्क होऊन ऐकत राहिला, म्हणाला, आजोबा, तुम्ही वकील होतात की प्रोफेसर? मला मात्र त्या वेळी एवढी चीड आली, अण्णाची, सरांची, त्या हॉलची, आणि एवढी माया आली, की दोन्ही एकदमच आली. मी पलंगावर बसले आणि त्याचा हात धरला.

"अण्णा, ते राहू दे सगळं. तुला काय पाहिजे ते सांग की."

त्यानं खिडकीकडे मान वळवली. ओठ हलत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुट्टी, मला घरी जायचंय."

मी थांबले. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी थांबले, आता दुसरी बाजू येईल म्हणून. डॉक्टरही थांबला. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या. अण्णानं माझा हात दाबला. पुढे काही आलं नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला घरी आणलं. तो थोडेच दिवस राहिला, पण माझ्या घरात, आपल्या खोलीत. नातेवाईक अजून बोलतात, फोन करून विचारतात, एवढी मोठी हॉस्पिटलं आहेत बंगळूरात, मग ऑपरेशन का केलं नाहीस? पहिल्यांदा मी समजावून सांगायची. आता नाही सांगत. तो म्हणाला म्हणून, एवढंच सांगते.